पावसानं वाया गेलं म्हणे!

आज भक्ती सुटल्यावर चर्चच्या आवारात चहा घेत उभी होते. मागं एक काका दुसऱ्यांना सांगायलेत, "तरुण संघाचं शिबिर पावसानं पार वाया गेलं. बॅनरसुद्धा भिजलं. वर्गणी तरी परत मागा." कप तसाच ठेवला नि घरी आले. तिथं तोंड उघडलं असतं तर नको ते बोलले असते.

वाया गेलं! जालन्यात राहून हे वाक्य तोंडातून निघतं तरी कसं? दर जूनमध्ये आपण पावसासाठी वेगळी प्रार्थना ठेवतो. दुष्काळानंतर पाऊस घेऊन आलेला, बायबलातल्या एलिया संदेष्ट्याचा तो माणसाच्या हाताएवढा ढग संडेस्कूलच्या लेकरांनाही पाठ आहे. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते काही आजोबांच्या काळात नाही झालं. आणि खरंच ढग आला की आमचे बूट भिजतात.

मी होते त्या शिबिरात. स्वयंपाकाला आणि मुलींच्या सोबतीला. कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या जंगलालगत. ठरलं होतं झाडं लावायचं, प्लास्टिक वेचायचं, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी आणि साक्षी. पहिल्याच दुपारी पाऊस जो लागला तो थांबेचना. शेकोटी राहून गेली, पत्रे गळायला लागले, रात्री सतरंज्या ओढून सगळे एका कोपऱ्यात. झाडांची तर तऱ्हाच. आपल्याच एका उत्साही भावानं टेम्पोभर गुलमोहर आणलेले. वनरक्षक हसला. "मॅडम, हे मादागास्करचं झाड. आपल्या डोंगरात अंजन, धावडा, सालई असतोय. हे परत न्या." (न्यावे लागले. भाऊ अजून रुसलेत.) मग त्यानंच काम दिलं. वस्तीच्या वरच्या ओढ्यात दगडी बांध घाला म्हणाला, माती सगळी खाली चाललीय.

आणि आता ते पोरगं. तुम्ही त्याला बघितलंय, पण लक्षात नसेल. मागच्या बाकावर बसतं, गाताना ओठ हलतात की नाही कळत नाही. आईबाप ऊसतोडीला जातात. आमची शहरातली पोरं रेनकोट घालून भिंत रचल्यासारखे दगड रचायलीत, वरून एकदम सपाट. हा जरा वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "मधी खोलगट ठेवा. पाणी मधूनच जाऊ द्या, नायतर कडा फोडून जातंय." रचलेलं सगळं काढायला लावलं त्यानं. पाया थोडा खणला, मोठे दगड खाली घेतले. आणि सुरुवात ओढ्याच्या माथ्याकडून. तिथं पाण्याला अजून जोर आलेला नसतो, वरच थोपवलं की खालचे बांध टिकतात. आजोबांसोबत पाणलोटाच्या कामावर जायचा म्हणे.

ऊन असतं तर हे कळलंच नसतं. रोपं लावून, बॅनर धरून, फोटो काढून संध्याकाळी परत आलो असतो. पाऊस होता म्हणून पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं माती खातं ते डोळ्यांनी दिसलं. बांध घालून हात धुईपर्यंत लोंढा आला, आणि बरोबर त्या मधल्या खोलगट जागेवरून गेला. कडा शाबूत. संघाचे अध्यक्ष त्याच्याकडं बघत होते आणि तो चिखलातली चप्पल शोधत होता.

हां, काळजी खोटी नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर कन्नडच्या घाटात दरड कोसळली होती, ते मलाही आठवतं. एका मुलीला ताप आला, तिच्या आईचा राग मी ऐकून घेतला. एवढ्याशा बांधांनी डोंगर हिरवा होत नाही, हेही ठीक. पण काका, तुमची तक्रार यातली एकही नव्हती. बॅनर भिजलं, ही तुमची तक्रार! रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, ते काय बॅनर धरून?

जरा जास्तच बोलले. पण पुसत नाही.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होती. सुकडी मिळायची, ती आधी लेकरांना. तुमची आई तिच्या शेजारी बसायची, हे आईनंच मला सांगितलंय. दोघी हातोडा मारता मारता वर बघायच्या म्हणे, ढग दिसतोय का. त्यांच्यासमोर तुम्ही हे वाक्य बोलला नसता, एवढं मला माहीत आहे. तुम्ही वाईट माणूस नाहीच. आई गेली तेव्हा कबरस्तानात शेवटपर्यंत थांबलेले तुम्हीच होता.

तरी त्या पोराला एकदा विचारा, शिबिर कसं झालं. त्याला आजवर कुणीच काही विचारलेलं नाही. परवा पाळकसाहेबांनी अहवाल वाचला, त्यात गुलमोहरांचा उल्लेख होता, त्याचा नव्हता. याचा राग मला तुमच्यापेक्षा साहेबांवर जास्त आहे, आणि ते ही पोस्ट वाचणार आहेत. वाचू देत.

पाऊस उघडायच्या आत पुन्हा जायचंय, बांध टिकलेत का बघायला आणि खालच्या टप्प्याला हात घालायला. काय कुठं करायचं ते यावेळी तोच सांगणार, मी त्याच्याशी बोललेय. घमेली आणि पहारी कमी पडल्या होत्या. ज्यांच्या घरी बांधकामातल्या पडून आहेत त्यांनी शनिवारपर्यंत माझ्याकडं आणून द्याव्यात, नाव रंगानं लिहून, नाहीतर परत देताना भांडणं होतात.