शिक्का अस्सल, मूठ उपरी

‘केस’ या अमेरिकन कंपनीच्या चाकूचं वय पात्याच्या बुडावरच्या शिक्क्यावरून कळतं, हे जुन्या चाकूंवरच्या तुमच्या लेखात बरोबर आहे. १९७० ला शिक्क्यात दहा ठिपके, पुढे दरवर्षी एक कमी. पण ‘शिक्का जुना, म्हणजे चाकू अस्सल’ हे काही पटलं नाही. अहो, चाकूवरचा मॉडेल नंबरही वाचा की! पहिला आकडा मुठीचा, दुसरा पात्यांचा. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात मी शिंगाच्या मुठीचा ट्रॅपर (दोन पात्यांचा घडीचा चाकू) हौसेनं उचलला, घासाघीसही केली नाही. घरी येऊन भिंग लावलं तर ६२५४! सहा म्हणजे हाड, शिंगाला पाच हवा. रिव्हेटभोवती कानशीच्या ताज्या रेघा होत्या. मूठ मागाहून बसवलेली.

आणि ‘विकण्याआधी पातं चकाचक पॉलिश करा’ हा सल्ला कृपया काढून टाका. बफिंगनं शिक्काच पुसट होतो, मग ठिपके मोजणार कसे?