जक्कयाची चौपट परतफेड

ख्रिस्ती धर्मात कबुली दिली की पाप संपते, हे एका लेखात वाचलेले विधान मला फार अपुरे वाटते. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्रग्रंथाच्या) 19व्या अध्यायातील मुख्य जकातदार जक्कय, येशूने त्याच्या घरी उतरण्याचे ठरवल्यावर, अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. म्हणजे क्षमा कृपेने मिळते, पण ती मिळालेला माणूस ज्याचे नुकसान केले त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. सांगलीजवळच्या आमच्या गावात बांधावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत (आमच्या घरीही हे घडले), आणि सरकवलेला बांध मागे घेईपर्यंत थोरल्याच्या नुसत्या ‘चुकलो’ने धाकट्याचे मन वळले नव्हते, हे मी जवळून पाहिले आहे.