‘खोटी आशा लावता’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘मेंदूतल्या रक्तस्रावात वडील वाचणार नाहीत, हे पहिल्याच रात्री सांगितलं असतं तर नऊ दिवसांचे हाल टळले असते. स्कोअरवर जाऊ नका म्हणणारे तुमच्यासारखे लोक खोटी आशा लावतात,’ असं तुम्ही लिहिलंत. (स्कोअर म्हणजे पेशंटची अवस्था गुणांत मोजून तो वाचेल का याचा अंदाज देणारा आकडा.) काल घाईत लिहिलेलं उत्तर खोडलं, आज नीट लिहितो.

आधी माझी चूक. मागच्या लेखात मी फक्त ‘वाचले’ एवढंच मोजलं. मोठ्या स्ट्रोकनंतर, म्हणजे मेंदूच्या मोठ्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यावर, सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचं हाड काढतात. २००७ साली तीन युरोपीय चाचण्यांचे आकडे एकत्र केले, त्यात वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेले ७८ टक्के रुग्ण जिवंत होते, न झालेले २९. एवढं सांगून मी पुढे सरकलो. पण दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू शकणारे होते ४३ टक्के, आणि तेही साठीच्या आतल्या रुग्णांत. जिवंत राहिले पण चालू शकत नव्हते, त्यांच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तुमचा राग तिथे रास्त आहे.

‘पहिल्याच रात्री’ मात्र मला मान्य नाही. त्या रात्री स्कोअर कसा निघतो ते सांगतो. आधी ग्लासगो स्केल, म्हणजे डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना गुण देऊन शुद्ध मोजायची. घशात नळी, म्हणून बोलण्याच्या रकान्यात नुसता ‘टी’, म्हणजे ट्यूब. गुंगीचं औषध थांबवून जेमतेम काही मिनिटं झालेली. मी नखावर पेन दाबतो. हात आधी ताठ होतो, मग किंचित वाकल्यासारखा वाटतो. सिस्टर म्हणतात वाकला, मला वाटतं ताठच होता. वाकला तर ३ गुण, ताठ झाला तर २. बंद डोळ्यांचा आणि ‘टी’चा एकेक गुण धरून, त्या एका गुणाने ग्लासगो स्केलची बेरीज ५ ऐवजी ४ झाली, की ही बेरीज, वय, रक्तस्रावाचा आकार वगैरे धरून काढलेला रक्तस्रावाचा स्कोअर एकाने वाढतो. तो २ चा ३ झाला, तर हा स्कोअर ज्या २००१ च्या अभ्यासातून आला त्यातला महिनाभरातल्या मृत्यूचा आकडा २६ टक्क्यांवरून ७२ वर जातो. पेशंट तोच, रात्र तीच!

शिवाय या आकड्यांतच एक खोट आहे. ‘हा जगणार नाही’ म्हणून व्हेंटिलेटर काढला तर पेशंट जातो, आणि अंदाज खरा ठरल्याची नोंद होते. पुढचा स्कोअर त्याच नोंदीवर बेततात. म्हणूनच अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की पेशंटने आधीच तशी इच्छा नोंदवलेली नसेल तर दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत उपचार आखडते घेण्याचा नवा निर्णय करू नये. ही आशा लावणं नव्हे. तेवढ्या वेळात गुंगी उतरते, सूज कळते, रक्तस्राव थांबला का तेही कळतं.

आणि जीव वाचवणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा अगदी साध्या असतात. पेशंट शुद्धीवर आला की प्रेमाने पाणी पाजतात, गिळता येत नसलं तर ते फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. आधी चमचाभर पाणी देऊन ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का, हे कुणीतरी पाहायला हवं. त्याचा स्कोअर कुणी विचारत नाही.

पहिल्या रात्री मी नातेवाईकांना म्हणतो, ‘अवस्था गंभीर आहे, जीव जाऊ शकतो. परवा पुन्हा बसू. तोवर, कसं जगणं त्यांना चाललं नसतं, ते आठवून ठेवा.’ पण मग परवा खरंच बसावं लागतं. नऊ दिवसांत एकदाही कुणी तुमच्याशी बसून बोललं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. त्याचं समर्थन मी करणार नाही.