‘हृदय तेवढं काढून बघा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना उत्तर

मृतजन्मी आणि जन्मून दोन-चार दिवसांत गेलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात सापडणाऱ्या हृदयदोषांवर मी लिहिलं, त्याखाली ‘एक डॉक्टर’ अशा सहीची प्रतिक्रिया आली आहे. लेख त्यांना ‘कसाईखान्याचं वर्णन’ वाटला. पुढे ते लिहितात: “हृदयाचा दोष शोधायचा तर हृदय तेवढं काढून बघा. अख्खं बाळ उघडायची हौस कशाला?” शिवाय सोनोग्राफीत सगळं कळतंच, एमआरआय करता येतो, दफनाला उशीर होतो, वगैरे.

डॉक्टरसाहेब, आधी भाषेबद्दल. ‘कसाईखाना’ आणि ‘हौस’ हे शब्द तुम्ही नाव झाकून वापरलेत. हे काम करणाऱ्या कुणाच्या तोंडावर तुम्ही ते म्हणाला असतात असं मला वाटत नाही. लेखातला फोटो पूर्वसूचनेशिवाय अगदी वर होता ही तक्रार रास्त आहे. तो खाली नेला आहे. बाकी वर्णनाला मी हात लावणार नाही. ज्या निवासी डॉक्टरांसाठी ते लिहिलं, त्यांना कात्री कुठून कुठे न्यायची हे गोड शब्दांत सांगता येत नाही.

आता ते एक वाक्य. सुट्टं हृदय हातात घेऊन निदान करता येतं असं वाटणं हाच या कामातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. इतकी वर्षं अशी सुटी हृदयं डब्यांतून माझ्याकडे येत आली आहेत, म्हणून हे ठामपणे लिहिते.

फुप्फुसांकडून येणाऱ्या चारही शिरा डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) न उघडता भलतीकडे जातात, तो दोष घ्या. या शिरा हृदयामागे एकत्र येतात. तिथून एक उभी शीर निघते. ती कधी वर मानेच्या बाजूच्या मोठ्या शिरेला मिळते, कधी कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाच्या स्वतःच्या स्नायूतलं रक्त गोळा करणाऱ्या शिरेत) उघडते, तर कधी अन्ननलिकेसोबत मध्यपटल ओलांडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेला मिळते. हा शेवटचा प्रकार बहुधा वाटेत अडतो आणि बाळ पहिल्या काही दिवसांतच जातं. एक्स-रे फुप्फुसाच्या आजारासारखा दिसतो, म्हणून कागदावर ‘श्वसनाचा त्रास’ असं कारण लागतं. गर्भात फुप्फुसांतून रक्त मुळात थोडंच फिरतं, त्यामुळे सोनोग्राफीत हा दोष सहज निसटतो. (तुमच्या ‘सगळं कळतंच’चं उत्तर यातच आलं.) आणि तुम्ही हृदय ओढून शिरा कापल्यात की पुरावाच गेला. डाव्या कर्णिकेची मागची भिंत पातळ असते, ती ओढताना फाटते. मग ते भोक शिरेचं की कात्रीचं, हे कोण सांगणार? म्हणून आधी सगळं जागेवर असतानाच एकेक फुप्फुस अलगद पलीकडे उचलून शिरा मोजायच्या. त्या दिसल्या नाहीत तर छाती आणि पोट मध्यपटलाशी वेगळं करायचं नाही, सगळे अवयव एकसंध बाहेर काढायचे. ही लतुलची पद्धत. तुम्ही सुचवता तशी एकेक अवयव सुटा करण्याची पद्धत विर्खोची. मोठ्या माणसात ती चालते, इथे घात करते.

महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, कमानीचंही तेच. आकुंचन सापडतं ते डाव्या हाताची रोहिणी निघते त्याच्या पुढे, डक्टसच्या (गर्भात फुप्फुस रोहिणीला महारोहिणीशी जोडणाऱ्या वाहिनीच्या) समोर. हृदयाला लागून कापलं की ती जागा शरीरातच राहते. शिवाय गर्भात डक्टस जवळजवळ महारोहिणीइतकीच रुंद असते. नवखा माणूस तिलाच कमान समजतो, आणि खरी कमान मध्येच तुटलेली असली तरी ‘मोठ्या वाहिन्या नॉर्मल’ असं लिहून मोकळा होतो.

‘अख्खं बाळ’ का, तेही ऐका. दोन्ही कर्णिकांची टोकं रुंद, त्रिकोणी, म्हणजे दोन्ही उजव्या घडणीच्या दिसल्या, तर लगेच प्लीहा शोधायची. बहुधा ती नसते. दोन्ही डाव्या, बोटासारख्या अरुंद असतील तर प्लीहेचे अनेक तुकडे मिळतात. फुप्फुसांचे खंड आणि श्वासनलिकेच्या फांद्या यांचा मेळ याच्याशीच घालायचा. दोन्ही मोठ्या वाहिन्यांऐवजी एकच खोड निघत असेल किंवा कमान तुटलेली असेल आणि वर थायमस (छातीतली, हृदयाच्या वरची ग्रंथी) नसेल, तर गुणसूत्र २२चा तुकडा गळाला आहे का, ही तपासणी लागते. तो दोष आईत किंवा वडिलांत असेल तर पुढच्या प्रत्येक गर्भाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. नसेल, तर बहुतेक हृदयदोषांत पुढच्या खेपेचा धोका साधारण २ ते ३ टक्के. हा फरक त्या जोडप्याला सांगायचा की नाही? की १८ ते २२ आठवड्यांची फीटल इको (गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी) करा एवढं सांगून त्यांना वाटेला लावायचं? थायमस आणि प्लीहा तुमच्या डब्यात येत नाहीत, साहेब.

आणि हृदय मिळालं तरी ते नुसतं चिरून चालत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाचं हृदय साधारण २० ग्रॅम, विसाव्या आठवड्याचं दोन-अडीच ग्रॅम, करंगळीच्या पेराएवढं. कात्री रक्ताच्या वाटेनेच न्यायची: खालच्या महाशिरेतून उजवी कर्णिका, मग उजव्या जवनिकेची (खालच्या कप्प्याची) बाहेरची कड, तिथून वर फुप्फुस रोहिणी, त्यानंतर डावी बाजू. महारोहिणीच्या झडपेखालचा पडदा कागदासारखा पातळ असतो, कात्री तिथे चुकली की आपणच छिद्र पाडून वर ते अहवालात नोंदवतो. फोरामेन ओव्हेलमध्ये (दोन कर्णिकांमधल्या गर्भातल्या छिद्रात) सळई रेटली तरी तेच. ते छिद्र आणि डक्टस गर्भात उघडे असणं हा दोष नाहीच, तरी ‘हृदयात छिद्र’ असे अहवाल आई-बापांच्या हाती पडतात.

एमआरआय? जिवंत रुग्णांची रांग संपली की बोलू. दफनाला किती थांबायचं हे कुटुंब ठरवतं, संमतीपत्र त्यासाठीच आहे. फक्त छाती उघडायची मर्यादित संमतीही घेता येते. लेखात ते लिहिलं होतं, तिथवर तुम्ही पोचला नसाल.

तरीही तुमच्याकडून हृदयच येणार असेल, तर निदान फुप्फुसं जोडलेली राहू द्या. कमान डक्टसच्या पुढे दोन सेंटीमीटर ठेवा, कापण्याआधी प्रत्येक शिरेला दोरा बांधा. प्लीहा आणि थायमस आहेत की नाहीत, हे चिठ्ठीवर लिहा. वारेचा (प्लासेंटाचा) तुकडा नाळेच्या जवळून घेऊन गुणसूत्रांच्या तपासणीसाठी निर्जंतुक सलाईनमध्ये, फ्रिजमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकलात तर पेशी वाढणार नाहीत. बाळ गर्भात दोन-तीन दिवस मरून राहिलेलं असेल तर त्वचेपेक्षा वारेचाच तुकडा भरवशाचा, आणि अशा मऊ पडलेल्या हृदयाला कात्री लावण्याआधी ते निदान एक दिवस १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घट्ट होऊ द्यावं लागतं. त्यामुळे अहवाल दुसऱ्या दिवशी मागायला माणूस पाठवू नका. आणि डबा कोरडा पाठवू नका.