तत्त्व टिकले, नोकरी गेली: पीटर रिड यांच्या बडतर्फीचा खटला

विद्यापीठाने एखाद्या संशोधकाला काढून टाकले आणि तो न्यायालयात गेला, की चर्चा लगेच त्याच्या मतांवर घसरते. ऑस्ट्रेलियातील पीटर रिड यांच्या खटल्याचेही तेच झाले. एका गटाने त्यांना सत्यासाठी झुंजणारा एकांडा शिलेदार ठरवले, तर दुसऱ्याने हवामानबदल नाकारणाऱ्यांचा प्यादा. प्रवाळांविषयीची त्यांची मते मला पटत नाहीत. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ग्रेट बॅरिअर रीफ या तेथील प्रवाळरांगेवरचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्यानंतरही फारशी काळजी नको म्हणायला छाती लागते. तरीही या खटल्याचा निकाल वाचताना माझी सहानुभूती त्यांच्याकडेच गेली.

रिड हे क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि काही वर्षे विभागप्रमुखही होते. बोवेन गावाजवळच्या स्टोन बेटाची दोन छायाचित्रे, एक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे आणि एक १९९४ चे, शेजारी ठेवून प्रवाळांचा ऱ्हास दाखवला जात असे. ही तुलना दिशाभूल करणारी आहे, असे त्यांनी एका पत्रकाराला ईमेलने कळवले आणि एप्रिल २०१६ मध्ये विद्यापीठाने त्यांना लेखी ताकीद दिली. ऑगस्ट २०१७ मध्ये स्काय न्यूजवरील मुलाखतीत, ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्ससारख्या सागरी संशोधन संस्थांवर आता विश्वास ठेवता येत नाही, असे ते म्हणाले. नोव्हेंबरमध्ये अंतिम ताकीद आली आणि मे २०१८ मध्ये बडतर्फीचे पत्र.

मधल्या काळात आरोपांचे स्वरूपच पालटत गेले. प्रवाळ आणि छायाचित्रे मागे पडली आणि विद्यापीठाने त्यांच्याविरुद्ध चालवलेल्या शिस्तभंगाच्या चौकशीबद्दल कोणाशीही बोलायचे नाही, हा आदेश मोडला की नाही, हाच मुख्य प्रश्न होऊन बसला. विद्यापीठाने त्यांचे ईमेल तपासले. सुरुवातीला तर घरात पत्नीशी बोलण्याचीही मुभा नव्हती. चौकशीची टिंगल किंवा विडंबन करू नये, असाही एक आदेश निघाला. एका ईमेलला त्यांनी 'करमणुकीसाठी' अशा अर्थाचा विषय दिला होता, तोसुद्धा त्यांच्याविरुद्ध मोजला गेला. याला आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात.

पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायाधीश साल्व्हातोर वास्टा यांनी विद्यापीठाचे सतराच्या सतरा निष्कर्ष, दोन्ही ताकिदी आणि बडतर्फी बेकायदा ठरवली, आणि सप्टेंबरमध्ये भरपाई व दंड मिळून सुमारे १२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचा हुकूम केला. जुलै २०२० मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने तो दोन विरुद्ध एक अशा मताने फिरवला. मग १३ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या, म्हणजे तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या, पाच न्यायमूर्तींनी रिड यांचे अपील एकमताने फेटाळले.

बातम्यांत एवढेच आले, पण निकालपत्रात याहून बरेच काही आहे. विद्यापीठ आणि कर्मचारी यांच्यातील सामूहिक कराराच्या कलम १४ मध्ये बौद्धिक स्वातंत्र्याची हमी होती. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की आचारसंहितेतील सौजन्याची आणि आदराची अपेक्षा पुढे करून ही हमी कापता येणार नाही. आपल्या विषयात बोलताना संशोधक उद्धट वाटला, तरी त्याने छळ, दमदाटी किंवा बदनामी केलेली नसेल, तर ते स्वातंत्र्यातच मोडते. त्यामुळे २०१६ ची ताकीद चुकीचीच होती. परंतु चौकशीची गोपनीयता पाळण्याचे बंधनही त्याच करारात होते, त्याचा प्रवाळशास्त्राशी संबंध नव्हता आणि रिड यांनी ते मोडले होते. ज्या ताकिदीपासून हे सारे सुरू झाले ती गैर ठरली, आणि त्यानंतरच्या कारवाईबद्दल तोंड उघडले म्हणून नोकरी गेली.

कायद्याच्या भाषेत हे बिनचूक असेलही, मला ते न्याय्य वाटत नाही. चौकशीत गोपनीयता असते ती तक्रारदाराला आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला झळ बसू नये म्हणून. आपल्याकडेही कारणे दाखवा नोटिशीच्या लिफाफ्यावर लाल शाईत 'गोपनीय' असा शिक्का असतो, आणि तो कोणाच्या अब्रूसाठी मारलेला आहे, हे ती नोटीस हातात पडलेल्या माणसाला चांगलेच ठाऊक असते. ज्याची अब्रू पणाला लागली आहे तोच उघड बोलायला तयार असेल, तर मग संरक्षण कोणाचे चालले आहे? मालक दरवेळी नवा आदेश काढतो, माणूस दरवेळी वैतागून तो मोडतो, आणि मूळ आरोपापेक्षा हाच ढीग मोठा होत जातो.

रिड यांना निदान कामगार कायद्याच्या दाराने न्यायालयात शिरता आले. आपल्याकडे ते दार शिक्षकांना बंद आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नव्हे. महाराष्ट्रात बडतर्फ प्राध्यापकाला विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांच्या आत अपील करावे लागते. प्रकल्पावर कंत्राटाने नेमलेल्या संशोधकांची स्थिती याहून वाईट. त्यांना कोणी काढत नाही, फक्त मुदतवाढ मिळत नाही.

मार्च २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने उच्च शिक्षणाच्या कायद्यात शैक्षणिक स्वातंत्र्याची व्याख्या घातली. ती चांगली आहे, पण चौकशीतील गोपनीयतेला तिने हात लावलेला नाही.

रिड यांच्या बाजूनेही एक गोष्ट राहून गेली. आपले सगळे वर्तन कलम १४ खाली सुरक्षित आहे, या एकाच मुद्द्यावर त्यांनी सारा डाव लावला होता. काही आरोप गळून पडल्यावर उरलेल्यांसाठी बडतर्फी ही शिक्षा फार कडक होते का, हा प्रश्न त्यांनी वेगळा मांडलाच नाही, आणि न मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर न्यायालयानेही दिले नाही. आपले तालुक्याचे वकीलसुद्धा अर्जाच्या शेवटी 'वरील मागणी मान्य न झाल्यास पर्यायाने' म्हणून एक ओळ जोडतात. रिड यांच्या खटल्यात ती ओळ असती, तर न्यायमूर्तींना निदान शिक्षेच्या प्रमाणावर तरी बोलावे लागले असते.