कास्तकाराच्या पोरीले गणित काय कामाचं? : एका काकाजींना उत्तर

काकाजी, नमस्कार.

गणितातल्या पदवीनंतर काय काय करता येतं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलं : "हे सारं पुण्या-मुंबईच्या पोराइसाठी हाये. माही पोरगी गनितात बी.एस्सी. झाली, दोन वर्सं झाले घरीच हाये. शेवटी बी.एड.च न? अन् नोकरीले द्यायले लाखानं पैसे कुठून आनू? कास्तकाराच्या पोरीले गनित काय कामाचं?" तुमचं लिहिणं मी तीन-चारदा वाचलं.

तुमचं बरोबर आहे ते आधी सांगते. बी.एड.बद्दल मी एक ओळ लिहून पुढे गेले, हे चुकलंच. एम.एस्सी. आणि सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) होऊन मी स्वतः चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आहे. मानधन सहा-सहा महिने यायचं नाही. एका संस्थेत मुलाखत चांगली झाली, मी बाहेर आले, तर तिथल्या एकाने बाबांना बाजूला नेऊन आकडा सांगितला. घरी येईपर्यंत एसटीत बाबा एक शब्द बोलले नाहीत. म्हणून नुसतं 'बी.एड. करा' असं मी कोणालाच सांगणार नाही. शिकवण्याची खरंच आवड असेल तर दोन वर्षं बी.एड., मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, आणि मग पवित्र हे शिक्षक भरतीचं सरकारी पोर्टल. जिल्हा परिषदेच्या जागा टेटच्या गुणांवर भरतात, फक्त भरती निघायची वाट पाहावी लागते.

ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातली जोखीम आणि हप्ते गणिताने काढणारा तज्ज्ञ, याबद्दलही मी जरा सोपं करून लिहिलं. प्रवेशपरीक्षा बारावीनंतरही देता येते हे खरं, पण पुढचे पेपर एकेक करून सुटायला कितीतरी वर्षं जातात, आणि प्रत्येक पेपरला फी आहे. घरात कमावतं कोणी नसेल तर तिथून सुरुवात करू नये.

पण तुमचा शेवटचा प्रश्न मला मान्य नाही. पीक विम्याचंच घ्या. सोयाबीनला आपण विमा रकमेच्या २ टक्के भरतो, कापसाला ५. भरपाई मात्र का आली, का नाही आली, हे गावात कोणाला सांगता येत नाही. पारावर नुसती चिडचिड होते. हिशेब असा आहे. समजा आपल्या महसूल मंडळात, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटात, सात वर्षांचं सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन १२००, ९००, ११००, ४००, १०००, ७०० आणि ८०० किलो आहे. यातली चांगली पाच वर्षं घ्यायची : १२००, ११००, १०००, ९००, ८००. सरासरी १००० किलो. या सरासरीचा किती हिस्सा विम्यात धरायचा, तो जोखीमस्तर. तो ७० टक्के असेल तर उंबरठा उत्पादन ७०० किलो, त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. यंदा पीक कापणी प्रयोगात (निवडक वावरांतलं पीक कापून मोजतात त्यात) मंडळाची सरासरी ४९० निघाली, म्हणजे २१० किलोची तूट. ७०० मागे २१०, म्हणजे ३० टक्के. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर १५,००० रुपये.

यात तुमच्या वावरात काय झालं ते कुठेच आलं नाही, आलं ते मंडळाचं. तुमचं सोयाबीन पार गेलं आणि मंडळाची सरासरी ७१० निघाली, तर या हिशेबाने एक रुपया येत नाही. हे आकडे मागून घेणारं, तपासणारं, तलाठी आणि कृषी सहायकासमोर मांडणारं माणूस गावात हवं. असे हिशेब बसवणाऱ्या टेबलावरही आपल्या भागातली मुलं हवीत. सलग तीन वर्षं पाऊस दगा देतो म्हणजे काय, हे त्यांना आकड्याआधीच माहीत असतं.

आता तुमच्या मुलीचं. तिचे पदवीचे विषय कोणते होते, हे तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळं तिथेच अडतं. गणितासोबत संख्याशास्त्र असेल तर यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा तिला देता येते. भौतिक-रसायन असेल तर त्या पदवीवर ती देता येत नाही. असं कितीतरी मुलींना तिसऱ्या वर्षानंतर कळतं, याचं मला फार वाईट वाटतं. प्रवेश घेताना कोणी सांगत नाही.

आयआयटीत एम.एस्सी.साठी असलेल्या 'जॅम'ला मात्र विषयाची ही अडचण नाही, आणि वयाची अटही नाही. दोन वर्षं घरी राहिली म्हणून काही बिघडत नाही. परीक्षा फेब्रुवारीत असते : ६० प्रश्न, १०० गुण, तीन तास. पेपर इंग्रजीत असतो, पण खरी अडचण इंग्रजीची नाही. आपल्या कॉलेजात रिअल ॲनालिसिसची सिद्धता गेस पेपर पाहून पाठ होते. जॅममध्ये दहा प्रश्न असे असतात की चारपैकी एक, दोन, तीन, कितीही पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे अचूक निवडले तरच गुण. तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. रोज चार तास हातात पेन घेऊन वर्षभर बसावं लागतं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट.ची (संख्याशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) प्रवेशपरीक्षाही सोबत द्यावी, तिथे निवड झाली तर विद्यावेतन मिळतं. एवढं थांबायची घरची परिस्थिती नसेल तर एमसीए या संगणकाच्या पदवीची सीईटी (प्रवेशपरीक्षा) किंवा बँकेच्या परीक्षा आहेतच, त्यात कमीपणा काहीच नाही.

तिच्या तिन्ही वर्षांच्या विषयांची नावं मला कळवा. आणि हे उत्तर तिलाच वाचायला द्या. वरच्या हिशेबात जोखीमस्तर ७० ऐवजी ८० धरला तर हेक्टरी भरपाई किती येईल, ते तिने काढावं आणि स्वतःच्या नावाने मला लिहावं. मी वाट पाहते.