उतरताना घ्या

चौदा रुपये ही काही मनाला लावून घेण्यासारखी रक्कम नाही, हे मला बायकोनं तीनदा सांगून झालंय. पण ज्या माणसानं ते नेले तो साताऱ्यातच कुठंतरी मजेत हिंडतोय, आणि मी मात्र मंगळवारपासून धुमसतोय.

प्रकरण असं. आमच्या लेकीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या पहिल्या फेरीला, कराडच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं. पसंतीक्रमाच्या ऑप्शन फॉर्मवर ते दोन नंबरला होतं. एक नंबरला पुण्याचं एक खासगी कॉलेज, तिथलं कॉम्प्युटर. आता मिळालेली सीट 'फ्रीझ' म्हणजे पक्की करायची, की 'बेटरमेंट' म्हणून पुढच्या राउंडची वाट बघायची, हे ठरवायची मुदत मंगळवारी संपत होती. घरचं नेट पावसात गेलेलं. म्हणून आम्ही बापलेक पोवई नाक्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात, तिथल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरपुढं, ओल्या छत्र्या पायाशी घेऊन बसलो.

पुण्याची फी वर्षाला 1 लाख 62 हजार. होस्टेल आणि मेस धरली की तेवढेच आणखी. त्या कॉलेजात आम्ही जाऊन आलो होतो. गुळगुळीत माहितीपुस्तक मिळालं, त्यात हसणारी पोरं लॅपटॉपकडं बोट दाखवत होती. सगळी एकाच लॅपटॉपकडं. कॅन्टीनचा चहा मात्र 25 रुपये, तोही कागदी कपात, तळाशी दोन बोटं. मी तिथंच चार वर्षांच्या चहाचा हिशोब करायला घेतला आणि लेक चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

तरीही पुणं सुटत नव्हतं, कारण सोसायटीत सगळ्यांची पोरं कॉम्प्युटरला आहेत. जिन्यात भेटेल तो विचारतो, "कॉम्प्युटर ना?" इलेक्ट्रिकल म्हटलं की चेहरा असा करतात जणू पोरगी खांबावर चढणार आहे.

आणि खरं दुखणं वेगळंच. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी कॉलेजातसुद्धा. अट एकच, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. आमचं 8 लाख 14 हजार. वरचे चौदा हजार कुठून आले? पतसंस्थेनं दोन वर्षं अडकवलेला पगाराचा फरक गेल्या साली एकदम दिला. त्या फरकाचा आम्ही फ्रिज घेतला. दोन दारांचा. हौसेनं हारबीर घालून. त्यात आज कोथिंबीर आणि कालची आमटी आहे, आणि तो मला वर्षाला 1 लाख 62 हजारांना पडू शकतो. एक रुपया जास्त झाला की सगळी सवलत जाते, हे गणित कुणी मांडलं मला माहीत नाही. उतरायला एकच पायरी असलेला जिना मी दुसरीकडं कुठं पाहिलेला नाही. परत करायला तयार आहे हो मी ते चौदा हजार. घेणारी खिडकी दाखवा.

तरी वेडी आशा असते. मी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दुकानातल्या पोरापुढं हळूच सरकवला आणि पुटपुटलो, "यात काही होतंय का बघा ना." त्यानं दाखला उजेडात धरला आणि एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा करावी त्या आवाजात वाचला, "आठ लाख चौदा हजार!"

दुकानातली सहा माणसं वळली.

त्यातला एक म्हणजे तो. साठीच्या पुढचा, खाकी पँट, वर स्वेटर, बगलेत प्लॅस्टिकची पिशवी. एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता, त्याच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आला होता. म्हणजे स्वतः जिवंत असल्याचा पुरावा गोळा करत होता. पुढच्या पाऊण तासात त्याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

"साहेब हायसा की मग," तो म्हणाला आणि स्टूल ओढून माझ्या आणि स्क्रीनच्या मध्ये बसला. "कुठली गाडी धरायची म्हणता?"

मी म्हणालो, गाडी नाही, कॉलेज आहे.

"तेच वो. कराड म्हंजे नागठाणं, अतीत, काशीळ, उंब्रज, कराड. झालं. एक झोप न्हाय हुत. कॉलेज विद्यानगरला, कृष्णेचा पूल वलांडला की आलंच. पुणं म्हंजे खंबाटकी, शिरवळ, कात्रज, आन् स्वारगेटला उतरल्यावर पुढं कोण इचारतंय? पोरीला अर्धं तिकीट हाय, मार्च तेवीसपासनं. रोज जाऊन येऊन करायचं तर इद्यार्थ्यांचा पास हाय, तिसरा हिस्सा भरायचा. बाकीचं सरकार भरतंय."

त्याला कॉलेजची रँकिंग, प्लेसमेंट, प्राध्यापक, कशात काडीचा रस नव्हता. मी प्लेसमेंटचा विषय काढला तर म्हणाला, "जागा मिळत्याच वो. उंब्रजला मिळती न्हायतर कराडला मिळती. उभं ऱ्हायाची तयारी पायजे."

तेवढ्यात कॉम्प्युटरवरच्या पोरानं विचारलं, "काका, फ्रीझ करायचं ना?"

"आवो घेतलाय की त्यांनी फ्रिज," कंडक्टर परस्पर म्हणाला. कारण मधल्या काळात मी त्याला फ्रिजची सगळी कहाणी सांगून बसलो होतो. का सांगितली, देवाला ठाऊक. कंडक्टरपुढं माणूस आपोआप खरं बोलतो, वर्षानुवर्षांची सवय.

मग मी त्याला बेटरमेंट समजावून सांगायला लागलो. हे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलची माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली आहे, तरी प्रत्येक वाक्याला अडखळत होतो. हजार रुपये भरून सीट स्वीकारायची, पुढच्या राउंडला वरचं मिळालं तर खालचं आपोआप जातं, नाही मिळालं तर आहे ते राहतं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे हितं रुमाल टाकायचा आन् पुढच्या गाडीत खिडकी बघायची!"

झालं. सबंध पुस्तिका एका रुमालात. दुकानातल्या सगळ्यांनी "हां, हां" केलं. मागं उभी असलेली, आधार कार्ड लॅमिनेट करायला आलेली एक बाईसुद्धा म्हणाली, "असं होय!" इतका वेळ मी काय चायनीज बोलत होतो?

"आन् खिडकी मिळाली तर?" त्यानं विचारलं.

"एक नंबरचं मिळालं की घ्यावंच लागतं. ऑटो फ्रीझ."

"म्हंजे मग उतरता येत न्हाय."

"नाही."

"आन् तिकीट एक लाख बासष्ट हजार."

मी काही बोललो नाही. बोलायला उरलंच नव्हतं. मीच मोठ्या हौसेनं एक नंबरला टाकलेलं ते कॉलेज. लेक पहिल्यापासून इलेक्ट्रिकल म्हणत होती. आमच्या जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर दहावीच्या सुट्टीत खोलून बसली होती ती, आणि परत जोडलाही होता. मी म्हणालो होतो, असू दे, कॉम्प्युटर वर टाकून ठेवू, टाकायला काय जातंय.

मग कंडक्टरनं माझ्याकडं पाठ केली. लेकीसमोर तळहात पसरला आणि तीस-पस्तीस वर्षं रोज विचारलेला तो एकच शब्द विचारला.

"कुठं?"

"कराड," ती म्हणाली. "एक."

"हाफ," तो म्हणाला.

तिनं क्लिक केलं. ओटीपी बायकोच्या मोबाईलवर गेला, बायको मंडईत, मोबाईल पिशवीत दुधी भोपळ्याखाली. ते दहा मिनिटांचं नाट्य मी इथं सांगत नाही, पण भाजीवाल्यासकट सगळ्या मंडईला आमचा ओटीपी आता पाठ आहे. सीट फ्रीझ झाली. माझं मत कुणी विचारलं नाही. फी मी भरणार, होस्टेल नाहीतर पास मी बघणार, आणि निर्णय झेरॉक्सच्या दुकानात एका तिऱ्हाइतानं तिकीट फाडावं तसा फाडला. निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तेच तर जास्त झोंबतं.

निघताना त्याचा हिशोब झाला. सात झेरॉक्स, दोन रुपयांप्रमाणं चौदा रुपये. त्यानं शंभरची नोट काढली. दुकानात सुट्टे नव्हते. आयुष्यभर हजारो प्रवाशांना "सुट्टे काढा" म्हणून ओरडलेला माणूस माझ्याकडं वळून अगदी निर्विकारपणे म्हणाला, "साहेब, चौदा द्या." मी दिले. त्यानं खिशातून बॉलपेन काढलं, समोर पडलेलं लेकीचं अलॉटमेंट लेटर पालथं केलं, मागं '14' लिहून त्याला गोल केला आणि खाली सही ठोकली.

"उतरताना घ्या," म्हणाला आणि छत्री उघडून पावसात गेला. छत्री माझी होती, हे घरी आल्यावर कळलं.

रात्री बायकोनं लेटर हातात घेतलं. पुढची बाजू वाचून झाली, मागची बघितली.

"हे चौदा कसले?"

मी फ्रिज उघडून उगाच आत बघत उभा राहिलो. "तेच," म्हणालो, "उतरताना मिळणारेत."